सीमाभागात आजार मोजायचाय? आधी माणसं मोजा

दरवर्षी पावसाळा लागला की एमपीएच (सार्वजनिक आरोग्याची पदवी), नर्सिंग, एमएसडब्ल्यू करणाऱ्या पोरापोरींचे फोन सुरू होतात. "दादा, प्रोजेक्ट करायचाय, आमच्या भागात कॅन्सर लई वाढलाय, त्यावर करू काय?" मी विचारतो, वाढलाय म्हणजे किती होता आणि किती झाला? तिकडून गप्प. मग जरा वेळानं, "आमच्या गल्लीतच चार पेशंट हाईत की." बरं, गल्लीत माणसं किती? परत गप्प.

हे चार म्हणजे अंश. शाळेत अपूर्णांक शिकलोय आपण, वर अंश आणि खाली छेद. आजाराच्या अभ्यासात वरचा आकडा कुणीही सांगतंय, पेपरवाला सांगतो, डॉक्टर सांगतो, पारावर बसलेली म्हातारी माणसं तर नावानिशी सांगतात. खालचा आकडा मात्र कुणाकडंच नसतोय. आणि बेळगाव जिल्ह्यात, त्यातही निपाणी, चिकोडी, कागवाड, अथणी, खानापूर असल्या सीमेला चिकटलेल्या तालुक्यांत तो मिळवणं हेच निम्मं काम आहे. मी बरीच वर्षं फील्डवर हेच करतोय, आधी फॉर्म भरायचो, आता दुसऱ्यांनी भरलेले फॉर्म तपासतो. तर एकदाच सगळं लिहून ठेवतो, म्हणजे प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगायला नको.

दवाखान्याच्या रजिस्टरवर भुलू नका

नवखा माणूस पहिल्यांदा काय करतो, तर तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन वर्षभराचं रजिस्टर उतरवून काढतो आणि पाय चार्ट बनवतो. दिसायला झकास दिसतंय, पण त्यातनं कळतं एवढंच की त्या दवाखान्यात कोण आलं. कोण आलं नाही ते कळत नाही, आणि आपल्याकडं न येणारेच जास्त.

कागवाड-अथणीचा माणूस सिरियस झाला की गाडी सरळ मिरजेला. सवयच तशी आहे, मिरजेत वॉनलेस साहेबांनी १८९४ ला दवाखाना काढला तेव्हापासून या सगळ्या पट्ट्याला मोठा दवाखाना म्हणजे मिरज. निपाणीतनं कोल्हापूर चाळीस किलोमीटर आणि बेळगाव पंच्याहत्तर, मग निपाणीवाला कुठं जाणार? खानापूरचा कामाला गोव्यात असला तर तिकडंच ॲडमिट होतो. थोडाफार ताप असला तर मेडिकलमधनं गोळ्या, नाहीतर गावातल्याच डॉक्टरकडं एक सलाइन, त्याची तर कुठंच नोंद नाही.

मृत्यूचं आणखी वेगळंच. आपल्या कायद्यात जन्म-मृत्यूची नोंद घटना जिथं घडली तिथं होते, माणूस कुठला राहणारा आहे त्यावर नाही. एकवीस दिवसांत नोंद करायची, पण जागा घडल्या ठिकाणची. म्हणजे अथणीचा माणूस मिरजेच्या दवाखान्यात वारला की त्याची नोंद मिरजेत, महाराष्ट्रात. गावच्या पंचायतीत दाखला मागायला गेलात तर त्या वर्षी गावात मृत्यू कमीच झालेत असं दिसणार, आणि तुम्ही रिपोर्टात लिहिणार की गाव निरोगी आहे! सगळे सिरियस पेशंट बाहेर जाऊन मेले, एवढंच काय ते खरं.

आणि मृत्यूचं कारण? २०२० साली देशभरात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरनं कारण लिहून दिलेले साडेबावीस टक्केच होते. बाकीच्यांचं घरच्यांना विचारूनच ठरवायला लागतं. त्याला व्हर्बल ऑटोप्सी म्हणतात, फील्डवर आम्ही नुसतं व्हीए म्हणतो. वारलेल्या माणसाची शेवटपर्यंत सेवा ज्यानं केली त्याला गाठायचं (घरचा कर्ता पुरुष बोलायला पुढं येतो, पण बहुतेक वेळा सगळं माहीत असतं सुनेला), ताप किती दिवस होता, दम लागत होता काय, अंगावर सूज होती काय, हे क्रमानं विचारायचं, मग दोन डॉक्टर ते कागद वेगवेगळे वाचून कारण ठरवतात, दोघांचं जुळलं नाही तर परत बघायचं. तेराव्याच्या आत जाऊ नका. हे कुठल्या नियमात नसलं तरी सांगतोय.

घरोघरी विचारल्यानं काय फरक पडतो ते सापाच्या आकड्यांत बघा. अशाच घरोघरच्या व्हीएमधनं अंदाज निघाला की २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात साप चावून साधारण बारा लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. सरकारी दवाखान्यांतनं येणारा आकडा याच्या आसपाससुद्धा नव्हता, कारण उसाच्या फडात साप चावलेला माणूस बऱ्याच वेळा दवाखान्याच्या दारापर्यंत पोचतच नाही. तसंच गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या साडेसहाशे बायकांची तपासणी केली, १९८९ ला लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात छापून आलं, ब्याण्णव टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला आणि त्याआधी कधी तपासून घेतलेल्या होत्या फक्त आठ टक्के. दवाखान्यात बसून मोजलं असतं तर त्या आठ टक्क्यांतल्याच दिसल्या असत्या.

मग छेद काढायचा कसा

गावात गेल्यावर पहिले दोन दिवस फॉर्मच काढायचा नाही. आशाताईला घेऊन गाव पायी फिरायचं आणि हातानं नकाशा काढायचा. मारुतीचं देऊळ, पाण्याची टाकी, डेअरी, शाळा, आणि गल्लीगल्लीतनं घरांना नंबर. साधारण हजार लोकांमागं एक आशा असते, तिला कुणाच्या घरात कोण गरोदर आहे हेसुद्धा पाठ असतंय. पंचायतीतनं पीडीओकडून (पंचायतीचा विकास अधिकारी) घरपट्टीची यादी मिळते ती घ्या, अंगणवाडीचं रजिस्टर घ्या, पण यातली एकही यादी एकटी खरी धरू नका. रेशन कार्डावर तर आजिबात जाऊ नका, एका घराची दोन कार्डं असतात आणि लग्न होऊन गेलेल्या लेकीचं नाव अजून तिथंच असतंय. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४७ लाख ७९ हजार होती, ती यादी गावं निवडायला ठीक आहे, पण गावातली माणसं मोजायला जुनी झाली.

घर म्हणजे काय ते आधी ठरवा. आमचा नियम साधा, एका चुलीवरचं जेवणारे ते एक घर. दोन भाऊ एकाच वाड्यात राहतात पण चुली वेगळ्या, तर दोन घरं. म्हातारी एकटीच मागच्या खोलीत राहते पण जेवते थोरल्याकडं, ती थोरल्याच्या घरात. (गॅस आला तरी "चूल वेगळी" हा शब्द गेलेला नाही, विचारल्यावर लगेच कळतंय.) कन्नड बोलणाऱ्या घरी "मन्याग एष्ट मंदि अदीरि?" (घरात किती माणसं आहात?) एवढं तरी विचारता यायला पाहिजे, पुढचं निभावून नेतात लोक.

मग राहणारा कोण? आम्ही धरतो, मागच्या बारा महिन्यांतले सहा महिने तरी जो इथं जेवला तो. तुम्ही वेगळं धरा, पण पहिल्या घरी जायच्या आधी धरा आणि लिहून ठेवा. कारण एकदा फील्डवर उतरलात की अडचणी रांगेत उभ्या असतात. पोरगा पुण्यात कंपनीत आहे, महिन्यातनं एकदा येतो. नवरा गोव्यात मेस्त्री आहे, गणपतीला आणि शिमग्याला येतो. ऊसतोडीच्या हंगामात फडाजवळ टोळ्यांची पालं पडतात, नोव्हेंबरपासून पार उन्हाळा लागेपर्यंत, ती माणसं गावच्या कुठल्याच यादीत नसतात पण त्यांची पोरं गावचंच पाणी पितात आणि तिथंच आजारी पडतात. त्यांना धरायचं की नाही? तुमचा प्रश्न लसीकरणाचा किंवा जुलाबाचा असेल तर धरलंच पाहिजे, वेगळ्या रकान्यात धरा पण धरा.

यात सगळ्यात घोळ होतो बाळंतपणाचा. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. हुक्केरीची लेक गडहिंग्लजला दिलेली, तिची गरोदरपणाची नोंद सासरी महाराष्ट्रात, सातव्या महिन्यानंतर ती माहेरी आली, इथल्या सिस्टरनं तायी कार्ड (कर्नाटकातलं गरोदर बाईचं सरकारी कार्ड) काढलं, बाळंत झाली संकेश्वरात आणि तिसऱ्या महिन्यात परत गेली. आता हे बाळ कुणाचं? दोन्ही राज्यांनी मोजलं तर एकाची दोन झाली, आणि दोघांनी "ते त्यांच्याकडं असेल" म्हटलं तर बाळ कुठंच नाही. आणि त्यातलं एखादं बाळ आठव्या दिवशी गेलं तर ते तर शंभर टक्के कुठंच नाही. म्हणून आमचा नियम: आई जिथली राहणारी तिथं जन्म धरायचा, पण प्रत्येक घरात दोन प्रश्न जादा विचारायचे, "लेक बाळंतपणाला आली होती काय?" आणि "सून माहेरी गेलीय काय?" या दोन प्रश्नांवर आम्हाला जेवढी सुटलेली बाळं मिळालीत तेवढी कुठल्याच रजिस्टरमधनं मिळाली नाहीत.

कुलूप लागलेलं घर दिसलं की शेजारचं घर घ्यायचं नाही. ही माझी स्वतःची चूक आहे म्हणून ठळक सांगतो. पहिल्या बीपीच्या सर्व्हेला मी असंच केलं, दिवसाचे वीस फॉर्म पूर्ण करायचे होते, कुलूप दिसलं की शेजारी. शेवटी बघतोय तर सत्तर टक्के बायका आणि त्यातल्या निम्म्या पन्नाशीच्या पुढच्या. तरणे गडी कोल्हापूरच्या एमआयडीसीत, बऱ्याच बायका शेतात, दिवसा घरी कोण तर म्हातारी माणसं. मग बीपी जास्त निघणारच की. तो सगळा डेटा टाकून दिला आणि परत गेलो. तेव्हापासून एका घराला तीन चकरा, वेगवेगळ्या वेळी, एक तरी सकाळी सातच्या आत किंवा दिवे लागल्यावर. बाजाराच्या दिवशी जाऊ नका, आणि सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेच्या पौर्णिमेला तर आजिबात नको, गल्लीच्या गल्ली रिकामी असते.

प्रश्न लहान करा, आणि गणित आधी करा

"आमच्या तालुक्यातील मातामृत्यूचा अभ्यास" असलं शीर्षक बघितलं की मला घाम फुटतो. गणित करून बघा. २०१८-२० च्या आकड्यांप्रमाणे कर्नाटकात एक लाख जिवंत जन्मांमागं ६९ मातामृत्यू होते (महाराष्ट्रात ३३, देशात ९७). म्हणजे साधारण साडेचौदाशे बाळंतपणांमागं एक. पाच हजार वस्तीच्या गावात वर्षाला ऐंशी-पंच्याऐंशी बाळं जन्मतात. एका गावात एक मातामृत्यू दिसायला सरासरी सतरा वर्षं थांबायला लागेल, तोवर तुमची पोरं कॉलेजला जातील. अशा प्रश्नाला जिल्हाभराची रजिस्ट्री लागते, जशी बेळगावच्या जेएनएमसी मेडिकल कॉलेजच्या लोकांनी ग्लोबल नेटवर्क या अनेक देशांतल्या संशोधकांच्या जाळ्यातनं वर्षानुवर्षं गरोदर बायकांची चालवलीय. एकट्यानं करायचं असेल तर जे जास्त लोकांना होतं ते घ्या, बीपी, शुगर, रक्त कमी असणं, लहान पोरांचे जुलाब, तंबाखू.

किती माणसं घ्यायची? चारचं सूत्र सगळ्या पुस्तकांत आहे: चार गुणिले टक्का गुणिले उरलेला टक्का, भागिले चालणाऱ्या चुकीचा वर्ग. समजा बीपी पंचवीस टक्क्यांना असेल असा अंदाज आहे आणि पाच टक्के इकडंतिकडं चालतंय, तर ४ × २५ × ७५ भागिले २५, उत्तर तीनशे. पण एकाच गावातली माणसं एकसारखी असतात म्हणून दीडपट करा, साडेचारशे. दहा टक्के भेटणारच नाहीत, म्हणून पाचशे. हे पाचशे तीस गावांत वाटले तर गावाला सतराएक. गावं आवडीनं निवडायची नाहीत (सगळे हायवेवरची निवडतात, एसटी नाहीतर वडाप मिळते म्हणून), सगळ्या गावांची यादी काढून लोकसंख्या एकाखाली एक बेरीज करत जायची, एकूण बेरजेला तीसनं भागायचं, त्या आकड्याच्या आतला एक नंबर चिठ्ठी टाकून काढायचा आणि तिथनं तेवढ्याच अंतरानं पुढं पुढं जायचं. मोठ्या गावाला जास्त संधी मिळते, बरोबर तसंच पाहिजे.

फॉर्मची भाषा

प्रश्न इंग्रजीतनं मराठीत आणि कन्नडात केले की दुसऱ्या माणसाकडून परत इंग्रजीत करून घ्या, ज्यानं मूळ बघितलेलं नाही अशाकडून. मग कळतंय काय काय सांडलं ते. आमच्या एका फॉर्ममध्ये "अतिसार" लिहिलं होतं. निपाणीजवळच्या एका आजीनं मला विचारलं, "ते काय असतंय रं?" जुलाब म्हटल्यावर, "मग तसं म्हण की!" कन्नडात भेदी. थंडीताप म्हणजे चळी ज्वर, कावीळ म्हणजे कामाले. आणि जुलाब म्हणजे किती तेही लिहा, चोवीस तासांत तीन किंवा जास्त पातळ संडास, डब्ल्यूएचओची व्याख्या आहे ती, नाहीतर प्रत्येक आई आपल्या मनानं ठरवणार.

तंबाखूचा प्रश्न तर निपाणीत विचारायलाच शिकावं लागतंय. "तंबाखू खाता काय?" "छे छे, आमच्या घरात कुणी नाही." "मिश्री लावता काय?" "ती काय, सकाळ-संध्याकाळ." मिश्री म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखूच की, पण बायकांच्या हिशेबात ती दात घासायची वस्तू, तंबाखू नव्हे. त्यामुळं मिश्री, गुटखा, मावा, पानातली तंबाखू, विडी, प्रत्येकाचा वेगळा प्रश्न आणि "विड्या वळता काय, तंबाखूच्या वखारीत कामाला जाता काय" हा आणखी वेगळा. ही बारीकी उगाच नाही, मुंबईत १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ ला छापून आला त्यात बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅम कमी निघालं होतं. आपल्या फॉर्मात मिश्रीचा रकाना नसेल तर त्या सगळ्या बायका "तंबाखू नाही" मध्ये जातात आणि फरक पुसला जातो.

आठवणीचं पण असंच आहे. जुलाब-तापाचं मागच्या पंधरा दिवसांपुरतं विचारा, ॲडमिट झाल्याचं वर्षभराचं चालतं. तारखा कुणाला आठवत नाहीत, म्हणून गावचं कॅलेंडर बनवा. लहान पोराचं वय काढायला: २०१९ चा महापूर, दूधगंगा-वेदगंगा-कृष्णेचं पाणी शिरलं होतं तेव्हा पोटात होता की रांगत होता? लॉकडाऊन लागला तेव्हा? म्हाताऱ्या माणसांना: बहात्तरचा दुष्काळ, कोयनेचा भूकंप (डिसेंबर १९६७), आणि आपल्याकडं एक हमखास चालणारा प्रश्न, १९५६ ला राज्यं नव्यानं पाडली आणि आपण इकडं आलो तेव्हा तुम्ही केवढ्या होता? याला आज्ज्या इतकं बोलतात की फॉर्म बाजूलाच राहतो, पण वय मात्र नेमकं मिळतं.

मोजमाप

कुठल्याही बाळंतपणाच्या रजिस्टरचं एक पान उघडा आणि वजनाच्या रकान्यावरनं बोट फिरवत खाली या. २.५, २.५, ३, २.५, २.८, २.५, ३, २.५. निसर्ग असा काम करत नाही. अडीच किलोच्या खाली गेलं की बाळ कमी वजनाचं, मग वरनं विचारणा, भेटी जादा, कागद जादा, म्हणून २.४ चं अडीच होतंय. कधी कधी काटाच जुना असतो, काटा शंभर-शंभर ग्रॅमचा असला की जवळचा आकडा लिहितात. तुमचा डेटा आला की पहिल्या आठवड्यातच शेवटचा अंक मोजा: बीपीचे किती आकडे शून्यावर संपतात? वयं किती चाळीस, पन्नास, साठ आहेत? माझ्या टीममधल्या एका पोराचे ओळीनं चौदा बीपी १२०/८० होते. पोरगं वाईट नव्हतं, मशीनचा सेल संपला होता आणि सांगायला लाजत होतं. जादा सेल द्या टीमला. बीपी पाच मिनिटं बसवून, दोनदा घ्यायचं, चढ चढून आलेल्या माणसाचं लगेच घ्यायचं नाही.

मोजमापानं काय होतंय याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. बाळंतपणानंतर रक्त किती गेलं हे पूर्वी नजरेनं ठरवायचे. बेळगावच्या डॉक्टरांनी बाईच्या खाली ठेवायचं प्लास्टिकचं, खाली मापाच्या खुणा असलेलं कापड वापरून बघितलं तर नजरेचा अंदाज जवळजवळ एक तृतीयांश कमी निघाला. मग तेच वापरून जिल्ह्यातल्या खेड्यांत १६२० बायकांवर रक्तस्राव कमी करणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांची चाचणी झाली, गोळ्या सिस्टरच देत होत्या. २००६ ला लॅन्सेटमध्ये आलं, जास्त रक्तस्राव १२ टक्क्यांवरनं ६.४ वर. नजरेनं मोजत बसले असते तर हा फरक धूसरच राहिला असता. हे बेळगावातल्याच पोरांना माहीत नसतं आणि प्रोजेक्टात उदाहरणं देतात लंडनची.

साथ आली तर

यात वेळ नसतो म्हणून पाचशे लोकांचा सर्व्हे वगैरे विसरा, एक वही घ्या. नाव, वय, गल्ली, काम, दुखणं कुठल्या तारखेला सुरू झालं, पाणी कुठलं, एक ओळ एक पेशंट. सगळ्यात महत्त्वाची तारीख सुरुवातीची, दवाखान्यात आल्याची नव्हे. रोज किती नवीन, याचा आलेख चौकटीच्या कागदावर काढला की एकदम उभा चढतोय की हळूहळू पसरतोय ते दिसतं. कावीळ असेल तर काल-परवाच्या पाण्याला दोष देऊ नका, अ प्रकारची कावीळ दिसायला साधारण चार आठवडे लागतात, ई प्रकारची पाच-सहा. म्हणजे गटारीत फुटलेली पाइपलाइन आज दुरुस्त केलेली असेल, तुम्ही महिन्यामागं कुठली फुटली होती ते वॉटरमनला विचारा. आणि इथं पण छेद: टाकीचं पाणी पिणाऱ्या किती जणांतले किती, बोअरचं पिणाऱ्या किती जणांतले किती. आजारी पडले नाहीत त्यांना विचारायला कुणी जात नाही, त्यांनाच जाऊन विचारा.

खानापूरच्या जंगलपट्टीत डिसेंबर ते मे-जूनच्या दरम्यान ताप असेल तर "कुठं कामाला गेला होता?" हा प्रश्न पहिल्या पानावर घ्या. माकडताप, कन्नडात मंगन कायिले, १९५७ ला शिवमोग्गाच्या क्यासनूर जंगलात सापडला, गोचिडीनं पसरतो. २०१५-१६ पासून गोव्यातल्या सत्तरीत, सिंधुदुर्गात दोडामार्गात दिसायला लागला. २०१६ ला गोव्याच्या काजूच्या बागेत राबून आलेल्या बेळगाव जिल्ह्यातल्या मजुरांत तो निघाला. पेशंट सापडला कर्नाटकात, गोचीड चावली गोव्यात. पत्त्याच्या रकान्यावर नकाशा काढलात तर तुम्ही भलत्याच जंगलात औषध मारत बसाल. आसपास माकडं मेलेली दिसली काय हेही विचारा. आणि वही भरत बसून राहू नका, पहिल्याच दिवशी पीएचसीला कळवा, त्यांच्याकडं आयएचआयपी पोर्टल (साथी कळवायचं सरकारी पोर्टल) आहे, रक्ताचा नमुना पाठवायची सोय त्यांच्याकडनंच होते.

परवानग्या आणि कागद

एथिक्स कमिटीची मंजुरी सुरू करायच्या आधी, नंतर मिळत नाही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं एकदा तरी वाचा. मग डीएचओ (जिल्हा आरोग्य अधिकारी), टीएचओ (तालुक्याचे), पीएचसीचे डॉक्टर, पंचायत, या क्रमानं पत्रं. संमतीपत्र दोन्ही भाषांत, अंगठा असेल तर साक्षीदाराची सही, आणि साक्षीदार तुमच्या टीममधला नको. आधारचा नंबर घेऊ नका, काही गरज नाही. सीमाभागात आणखी एक भीती असते, वही-पेन घेऊन कुणी आलं की लोकांना वाटतं भाषेची नाहीतर मतांची मोजणी चाललीय. "कशाला लिहून घ्यालायसा? कुणी पाठवलंय?" याचं उत्तर दारात उभं असतानाच द्यायचं, घरात बसल्यावर नव्हे, आणि जोडीला एक मराठी आणि एक कन्नड बोलणारा असा जोड ठेवला की निम्मा संशय तिथंच जातो. मातृभाषेचा रकाना अभ्यासाला लागत नसेल तर ठेवूच नका.

घरात बीपी १८० निघालं तर "आम्ही फक्त सर्व्हेवाले" म्हणून उठून यायचं नाही. चिठ्ठी लिहून पीएचसीला पाठवायची आणि आठ दिवसांनी गेला की नाही बघायचं, हे प्लॅनमध्ये आणि बजेटमध्ये दोन्हीकडं पाहिजे. डेटा भरायला कोबो टूलबॉक्स फुकट आहे, रेंज नसली तरी चालतं.

हिशेबात एकच सांगतो कारण तीच चूक सगळे करतात. दोन गावांची तुलना करताना वयं बघा. समजा एका गावातली तरणी पोरं सगळी पुण्या-बेंगळुरूला गेलीत आणि दुसऱ्या गावाजवळ साखर कारखाना आहे म्हणून तिथं थांबलीत. पहिल्या गावात हजारी मृत्यू जास्तच दिसणार, कारण तिथं म्हातारी माणसं जास्त. म्हणून वयोगट पाडून गटागटाची तुलना करा, नाहीतर दोन्ही गावांना एकच ठरावीक वयरचना लावून दर काढा. याशिवाय "त्या गावचं पाणीच वाईट" असलं काही लिहू नका.

शेवटी निकाल गावात जाऊन सांगायचा. एका गावात आम्ही मारुतीच्या देवळात संध्याकाळी बसलो, दोन्ही भाषांत मोठ्या कागदावर लिहून नेलं होतं, मोठ्यांपैकी एवढ्या लोकांत एवढ्यांना बीपी. सगळं ऐकून झाल्यावर मागं खांबाला टेकून बसलेली एक आजी म्हणाली, "वड्यापलीकडच्या मळ्यातली घरं धरलीसा काय?" आम्ही एकमेकांकडं बघितलं. घरपट्टीच्या यादीत नव्हती, आशाताईच्या फेरीत नव्हती, आमच्या नकाशात तर ओढ्यावरच गाव संपलं होतं. दुसऱ्या दिवशी आजीच्या नातवाच्या गाडीवर बसून गेलो, उसातनं वाट, दोन घरं, सहा मोठी माणसं. एकाचं बीपी दोन्ही वेळा १९० च्या वर, चिठ्ठी देऊन त्याच गाडीवरनं पीएचसीला पाठवला. छेद सहानं वाढला, अंश एकानं, आणि टेबल परत छापायला टाकलं.